डेटा सेंटर आणि आरोग्य: लोकप्रतिनिधींपुढे मुद्दा कसा मांडायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डेटा सेंटरला ना धुराडं, ना भट्टी. मग आरोग्याचा प्रश्न येतो कुठून?

डेटा सेंटर म्हणजे इंटरनेटचा डेटा साठवणाऱ्या आणि हाताळणाऱ्या संगणकांची, म्हणजे सर्व्हरची, मोठी इमारत. तिथून आरोग्याचा प्रश्न चार वाटांनी येतो. वीज गेली तरी यंत्रणा बंद पडू नये म्हणून इमारतीबाहेर डिझेल जनरेटरांची रांग असते, तिचा धूर. सर्व्हर थंड ठेवणाऱ्या पंख्यांचा आणि चिलरचा (गार पाणी पुरवणाऱ्या शीतयंत्राचा) अखंड आवाज. थंडाव्यासाठी वाफ होऊन जाणारं पाणी आणि मागे उरणारं क्षारयुक्त सांडपाणी. आणि चौथी वाट म्हणजे एवढी वीज जिथे तयार होते तिथला धूर.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२५ च्या अहवालानुसार २०२४ मध्ये जगभरातल्या डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ टेरावॉट-तास (एक टेरावॉट-तास म्हणजे शंभर कोटी युनिट) वीज वापरली, म्हणजे जगाच्या एकूण वापराच्या साधारण दीड टक्का. २०३० पर्यंत हा आकडा सुमारे ९४५ वर जाईल असा अंदाज आहे. जगाच्या हिशेबात दीड टक्का किरकोळ वाटतो, पण ही केंद्रं सगळीकडे सारखी पसरलेली नसतात, ती एकमेकांना खेटून उभी राहतात. आयर्लंडमध्ये २०१५ साली मीटरवर मोजलेल्या विजेपैकी ५ टक्के डेटा सेंटरांकडे जात होती, २०२३ मध्ये २१ टक्के.

लोकप्रतिनिधींपुढे मांडायचा गाभा इथेच आहे. परवानगी देताना प्रत्येक जनरेटर, प्रत्येक इमारत, प्रत्येक टप्पा सुटा सुटा तपासला जातो. शेजारी राहणारा माणूस मात्र सगळ्यांचा मिळून धूर घेतो आणि सगळ्यांचा मिळून आवाज ऐकतो. म्हणून मागणी अशी: मोजणी एकत्र करा, आणि परवानगी देण्याआधी ती जाहीर करा. पुढची सगळी उत्तरं या एका मागणीभोवती आहेत.

जनरेटर तर वर्षातून काही तासच चालतात ना?

हा आक्षेप प्रत्येक बैठकीत येतो, म्हणून त्याचं गणित पाठ असलेलं बरं.

एक जनरेटर महिन्यातून एक तास चाचणीसाठी चालवला तर वर्षाचे १२ तास होतात. आवारात असे ४० जनरेटर असतील आणि ते एकामागून एक तपासले जात असतील, तर कुठलातरी जनरेटर वर्षाला ४८० तास चालू असतो. कागदावर १२ तास, शेजाऱ्यांसाठी ४८०. दोन्ही आकडे खरेच आहेत, पण पहिलाच अर्जात लिहिलेला असतो.

आता धूर किती? अमेरिकेच्या 'टियर २' मानकात मोठ्या डिझेल इंजिनाला दर किलोवॉट-तासाला नायट्रोजन ऑक्साइड आणि हायड्रोकार्बन मिळून ६.४ ग्रॅमपर्यंत सूट आहे. अडीच मेगावॉटचं इंजिन पूर्ण भाराने तासभर चाललं की सुमारे १६ किलो. वीज गेल्यावर ४० इंजिनं एकदम सुरू झाली तर तासाला सुमारे ६४० किलो, तेही जमिनीपासून फार उंच नसलेल्या नळ्यांमधून. याच आकाराच्या जनरेटरसाठी 'टियर ४' मानकात नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा ०.६७ ग्रॅम आहे, म्हणजे जवळपास एक दशांश. अडचण अशी की आणीबाणीसाठीच्या इंजिनांना बहुतेक ठिकाणी जुन्या, सैल मानकावर चालवू देतात.

टियर ४ लिहून घेतलं की काम संपलं असंही नाही. नायट्रोजन ऑक्साइड कमी करणारी यंत्रणा धुरात युरिया फवारते आणि उत्प्रेरकावर त्याची अभिक्रिया घडवते. उत्प्रेरक पुरेसा तापेपर्यंत ती नीट काम करत नाही. छोट्या, कमी भाराच्या चाचणीत इंजिन तापायच्या आतच चाचणी संपते, आणि नेमक्या नेहमीच्या चाचण्यांचा धूर जवळजवळ न गाळलेलाच बाहेर जातो. त्यामुळे चाचणीच्या अटी वेगळ्या मागाव्या लागतात: एका वेळी किती इंजिनं, दिवसाच्या कोणत्या वेळी, हवा आधीच खराब असेल त्या दिवशी चाचणी बंद.

या धुराचा शरीरावर परिणाम होतो हे कितपत पक्कं आहे?

पक्कं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर २०१२ मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकला आणि २०१३ मध्ये बाहेरच्या हवेचं प्रदूषण त्याच गटात घेतलं. सूक्ष्म धूलिकणांचा, म्हणजे पीएम २.५ चा, हृदयविकार, पक्षाघात आणि फुप्फुसाच्या कर्करोगाशी संबंध दाखवणारे पुरावे भरपूर आहेत. नायट्रोजन ऑक्साइडांपैकी नायट्रोजन डायऑक्साइडचा संबंध लहान मुलांच्या दम्याशी आहे. शिवाय हाच वायू पुढे उन्हात जमिनीलगत श्वासाला त्रासदायक ओझोन तयार करतो आणि हवेत नवे सूक्ष्म कणही, त्यामुळे परिणाम कुंपणाशी थांबत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मार्गदर्शक पातळी वार्षिक सरासरीसाठी अशी आहे: पीएम २.५ प्रति घनमीटर ५ मायक्रोग्रॅम, नायट्रोजन डायऑक्साइड १० मायक्रोग्रॅम. तुमच्या देशाची कायदेशीर मर्यादा बहुधा याहून सैल असेल. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा आणि कोणता कायदा, कोणता सल्ला, हे स्पष्ट सांगा. दोहोंची सरमिसळ केली की समोरचा अभियंता तेवढंच पकडतो.

आवाजाची तक्रार केली की "मर्यादेत आहे" असं उत्तर मिळतं. का?

कारण मर्यादा बहुतेक वेळा चुकीच्या मापाने मोजली जाते.

आवाज मोजताना साधारणपणे 'ए' भारांकन वापरतात, म्हणजे प्रत्येक सुराला कानाच्या संवेदनेनुसार कमी-जास्त वजन देतात. ते खर्जातल्या आवाजाला फार कमी किंमत देतं: ६३ हर्ट्झला सुमारे २६ डेसिबल वजा, १२५ हर्ट्झला सुमारे १६ वजा. मोठे पंखे, चिलर, जनरेटर यांची घरघर बरीचशी याच पट्ट्यात असते. भिंती आणि खिडक्या चढ्या सुराचा आवाज अडवतात, खर्ज आत येऊ देतात. माणूस रात्रभर कूस बदलत राहतो आणि मीटर मात्र सगळं आलबेल दाखवतं. म्हणून खर्जाला फारसं न वगळणाऱ्या 'सी' भारांकनाचं मोजमाप आणि एक-तृतीयांश अष्टकाच्या पट्ट्यांमधलं, म्हणजे आवाजाचे अरुंद सूरपट्टे वेगवेगळे मोजणारं, विश्लेषणही मागा. 'ए' आणि 'सी' यांतली तफावत मोठी असेल, तर खर्जाचा त्रास आहे असं समजायला जागा आहे.

दुसरं, एकसुरी गुणगुण कानाला जास्त खुपते. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १९९६-१ मध्ये ठळक सुरासाठी ३ ते ६ डेसिबलची वाढ धरायला सांगितलं आहे. तुमच्या स्थानिक नियमात ती आहे का ते पाहा, नसेल तर एक ओळीची दुरुस्ती पुरते.

तिसरा मुद्दा पुन्हा बेरजेचा. सारखे दोन पंखे मिळून ३ डेसिबल वाढतात, दहा मिळून १०. पहिल्या इमारतीचा अहवाल 'मर्यादेत', दुसरीचाही 'मर्यादेत', आणि पाचही इमारती सुरू झाल्यावर हद्दीवर मर्यादा ओलांडलेली. एका बिंदूतून येणारा आवाज अंतर दुप्पट झाल्यावर ६ डेसिबलने उतरतो, पण छतावर लांबच लांब रांगेत मांडलेल्या चिलरांचा आवाज जवळच्या पट्ट्यात त्याहून सावकाश उतरतो. सल्लागाराच्या अहवालात एकच बिंदू धरला असेल तर ते विचाराच.

आरोग्याच्या बाजूने: जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये युरोपसाठी रात्रीच्या आवाजाची ४० डेसिबल ही बाहेरची पातळी सुचवली. २०१८ च्या मार्गदर्शनात रस्ते, रेल्वे, विमानं, पवनचक्क्या अशा स्रोतांच्या पातळ्या आहेत, डेटा सेंटरची वेगळी नाही. तेव्हा "जागतिक आरोग्य संघटनेने डेटा सेंटरसाठी अमुक मर्यादा दिली" असं कधीही लिहू नका. झोपमोड, वाढता रक्तदाब आणि हृदयविकार यांचा सततच्या आवाजाशी असलेला संबंध मांडा, तो पुरेसा भक्कम आहे.

पाणी किती लागतं हे स्वतः काढता येईल का?

येईल, शाळेतल्या भौतिकशास्त्राने. एक किलोवॉट-तास उष्णता पूर्णपणे बाष्पीभवनाने घालवायची तर साधारण दीड लिटर पाणी वाफ होऊन जातं. शिवाय कूलिंग टॉवरमधलं, म्हणजे पाण्याची वाफ करून उष्णता घालवणाऱ्या मनोऱ्यातलं, पाणी आटत गेलं की क्षार वाढतात, म्हणून काही पाणी सोडून द्यावं लागतं. क्षार चौपट होईपर्यंत पाणी फिरवलं, तर सोडलेलं पाणी बाष्पीभवनाच्या एक तृतीयांश असतं. मिळून दोन लिटर.

आता ३० मेगावॉटचं केंद्र घ्या. दिवसाला ७ लाख २० हजार किलोवॉट-तास, म्हणजे सुमारे १४ लाख ४० हजार लिटर पाणी रोज. प्रत्यक्षात वर्षभर बाष्पीभवन चालू असेलच असं नाही, थंड दिवसांत बाहेरची हवा काम भागवते. म्हणूनच वार्षिक सरासरीवर समाधान मानायचं नाही. विचारायचं ते सर्वात उष्ण दिवसाचं पाणी, कारण गावाची टंचाईही त्याच दिवशी असते.

"आमची प्रणाली बंद चक्राची आहे" हे उत्तर हमखास मिळेल. चिपभोवती फिरणारं द्रव खरोखर बंद नळीत असतं. पण त्याने उचललेली उष्णता शेवटी इमारतीबाहेर कशी जाते? कोरड्या पंख्यांनी जात असेल तर पाणी जवळजवळ लागत नाही, मात्र वीज आणि आवाज वाढतो. कूलिंग टॉवरने जात असेल तर पाणी उडतंच. म्हणून प्रश्न असा विचारा: "उष्णता शेवटी हवेत कोणत्या यंत्राने सोडता?"

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या द डॅल्स शहराचं उदाहरण इथे उपयोगी पडतं. गूगलच्या केंद्रांचा पाणीवापर जाहीर होऊ नये म्हणून २०२१ मध्ये खुद्द शहर प्रशासन एका वृत्तपत्राविरुद्ध न्यायालयात गेलं. २०२२ च्या अखेरीस तडजोड झाली आणि आकडे बाहेर आले: २०२१ मध्ये ३५ कोटी ५१ लाख गॅलन (सुमारे १३४ कोटी लिटर), शहराच्या एकूण वापराच्या चौथ्या हिश्शाहून जास्त. पाण्याचा आकडा व्यापारी गुपित असल्याचा दावा टिकवणं किती कठीण आहे, हे दाखवायला हा दाखला पुरेसा आहे.

कूलिंग टॉवरमुळे आजार पसरतात का?

देखभाल चुकली तर लिजिओनेला हा जिवाणू वाढू शकतो. त्याला २५ ते ४५ अंश सेल्सिअसचं कोमट पाणी आणि शेवाळी थर आवडतो. तुषारांबरोबर तो हवेत जातो आणि श्वासातून शिरला की गंभीर न्यूमोनिया होतो. न्यूयॉर्क शहरात २०१५ मध्ये साउथ ब्राँक्समधल्या उद्रेकात १६ जण दगावले. तो डेटा सेंटरमुळे नव्हता, पण त्यानंतर शहराने त्याच वर्षी कायदा करून प्रत्येक कूलिंग टॉवरची नोंदणी आणि नियमित तपासणी सक्तीची केली. तो नमुना उचलण्यासारखा आहे: नोंदणी, ठरावीक काळाने जिवाणू तपासणी, तुषार अडवणारी जाळी, आणि निकाल आरोग्य विभागाकडे.

आगीचं काय?

मोठ्या प्रमाणावर साठवलेलं डिझेल आणि लिथियम बॅटऱ्या एकाच आवारात असतात. लिथियम बॅटरी पेटली की हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू निघतात. मार्च २०२१ मध्ये स्ट्रासबर्गला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियाच्या डेजॉनला डेटा सेंटरना मोठ्या आगी लागल्या. इथे मागणी छोटी ठेवा: अग्निशमन दलाला साठ्याचा नकाशा, आग विझवलेलं पाणी अडवायची सोय, आणि शेजाऱ्यांना कळवायची लेखी पद्धत.

वीज दुसऱ्या गावात तयार होते. तो मुद्दा आपण मांडावा का?

मांडावा, पण वेगळ्या कागदावर आणि वेगळ्या लोकप्रतिनिधीपुढे. जनरेटरचा आणि आवाजाचा विषय स्थानिक परवानगीचा आहे. जुनं कोळसा केंद्र बंद करायचं लांबणीवर पडणं किंवा नवं वायू केंद्र उभारणं हा ऊर्जा नियामकाचा आणि राज्य किंवा देश पातळीचा विषय आहे. एकाच निवेदनात दोन्ही कोंबले की स्थानिक सदस्य "हे माझ्या हातात नाही" म्हणून संपूर्ण कागद बाजूला ठेवतो.

अपवाद एक. वीज आवारातच तयार होणार असेल तर तो स्थानिक विषय होतो. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या मेम्फिसमध्ये २०२४ पासून एका कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रासाठी वायूवर चालणारी टर्बाइन्स 'तात्पुरती' म्हणून परवान्याशिवाय चालवली गेली. उष्णता टिपणाऱ्या हवाई छायाचित्रांमुळे किती टर्बाइन्स तापलेली आहेत ते लोकांना दिसलं. जुलै २०२५ मध्ये तिथल्या आरोग्य विभागाने १५ टर्बाइन्सना परवाना दिला. 'तात्पुरतं' या शब्दाची व्याख्या आणि मुदत कायद्यात नसेल तर असं कुठेही घडू शकतं.

नेमकं कोणाकडे जायचं?

ज्याच्या सहीने गोष्ट बदलते त्याच्याकडे. जमिनीचा वापर, इमारतीचं अंतर, आवाजाची मर्यादा हे बहुधा स्थानिक संस्थेकडे असतं. हवा आणि पाण्याचे परवाने प्रदूषण नियंत्रण यंत्रणेकडे. करसवलती, उत्सर्जन मानकं, माहिती जाहीर करण्याची सक्ती हे कायदेमंडळाकडे. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या लाउडन काउंटीत (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा भाग) जगातली सर्वात दाट डेटा सेंटर वस्ती आहे. तिथल्या मंडळाने मार्च २०२५ मध्ये ठरवलं की यापुढे कोणतंही नवं केंद्र आपोआप मंजूर होणार नाही, प्रत्येकासाठी सुनावणी आणि मतदान होईल. हा बदल स्थानिक पातळीवरच झाला.

लोकप्रतिनिधीची वेळ मिळत नसेल तर थांबू नका. विषय बघणारा सहायक किंवा समितीचा सचिव यांना भेटा. मसुदा प्रत्यक्षात तेच वाचतात, तेच दुरुस्ती लिहितात, आणि बऱ्याचदा त्यांच्याकडे जास्त वेळ असतो.

भेटीआधी कोणती माहिती गोळा करायची?

परवान्याचा अर्ज, जनरेटरांची संख्या आणि मानक, चाचणीचं वेळापत्रक, इंधनसाठा, पाणीपुरवठ्याचा करार, ध्वनी अहवाल, टप्प्यांचा आराखडा. अर्ज अनेकदा मुख्य कंपनीच्या नावाने नसतो. जमीन खरेदी करणारी छोटी कंपनी वेगळी, बांधणारी वेगळी, चालवणारी वेगळी. म्हणून कंपनीच्या नावाने शोधण्याऐवजी जमिनीच्या क्रमांकाने शोधा.

माहिती अधिकाराचा अर्ज करताना "सर्व कागदपत्रं द्या" असं लिहू नका, तो परत येतो किंवा महिने खातो. कागदाचं नाव, कालावधी आणि विभाग लिहा. स्थानिक अधिकाऱ्यांनी कंपनीशी गोपनीयतेचा करार केला आहे का, आणि त्याची प्रत, हेही मागा. युरोपात १९९८ चा ऑर्हस करार आणि लॅटिन अमेरिकेत २०२१ पासून लागू असलेला एस्काझू करार पर्यावरणाची माहिती मिळवण्याचा हक्क देतात. तिथल्या अर्जात त्यांचा उल्लेख करावा.

स्वतः मोजमाप करावं का?

करावं, आणि बांधकाम सुरू व्हायच्या आधी करावं. आधीची पातळी हातात नसेल तर नंतरची वाढ सिद्ध करता येत नाही, आणि हे नुकसान पुढे भरून निघत नाही.

स्वस्त पीएम २.५ संवेदक दमट हवेत जास्त आकडा दाखवतात. म्हणून ते आधी दोन आठवडे सरकारी मापन केंद्राशेजारी ठेवून फरक नोंदवा. नायट्रोजन डायऑक्साइडसाठी साध्या शोषक नळ्या मिळतात. त्या दोन ते चार आठवडे टांगून प्रयोगशाळेत पाठवायच्या. त्यांतून सरासरी कळते, चाचणीच्या तासाची उसळी कळत नाही. आवाजासाठी फोनवरचं अ‍ॅप पुराव्याला चालत नाही, त्याचा मायक्रोफोन खर्ज नीट पकडतच नाही. अचूकतेच्या वर्ग १ किंवा वर्ग २ चं मीटर भाड्याने घ्या, मोजण्याआधी आणि नंतर कॅलिब्रेशन करा (मीटर ठरलेल्या आवाजाशी ताडून पाहा), मायक्रोफोनवर वाऱ्याचं आवरण लावा, वारा जोराचा असेल तर मोजू नका. भिंतीपासून साडेतीन मीटर दूर आणि जमिनीपासून सव्वा ते दीड मीटर उंच ठेवा. जोडीला साधी वही ठेवा: तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, काय ऐकू आलं, झोप मोडली का. दहा घरांच्या तीन महिन्यांच्या वह्या समितीपुढे फार वजनदार ठरतात.

निवेदन किती लांब असावं?

एक पान. वर एका वाक्यात मागणी, विधेयकाचा किंवा प्रस्तावाचा क्रमांक धरून. मग तीन आकडे, प्रत्येकाचा स्रोत सोबत. मग मतदारसंघातली जागा: किती घरं, किती शाळा, किती दवाखाने, कुंपणापासून किती अंतरावर. शेवटी प्रस्तावित कलमाचा मजकूर. नकाशा पाठीमागच्या बाजूला. जोडपत्रं हवी तेवढी द्या, पण पहिलं पान एकच.

भेटीला तिघांहून जास्त जाऊ नका: एक रहिवासी, एक डॉक्टर किंवा परिचारिका, एक जण आकड्यांचा जाणकार. पंधरा मिनिटं मिळाली असतील तर पाच मिनिटांत आपलं सांगून मोकळे व्हा, बाकी वेळ त्यांच्या प्रश्नांना. उठायच्या आधी स्पष्ट विचारा: "ही दुरुस्ती तुम्ही मांडाल का? नसेल तर अडचण कोणती आहे?" अडचण कळणं हे होकाराइतकंच कामाचं असतं. दुसऱ्या दिवशी आभाराच्या दोन ओळी आणि कबूल केलेले कागद पाठवा. नोंदणीकृत संस्थेच्या वतीने जात असाल तर कायदे घडवण्यासाठी प्रयत्न करण्यावर तुमच्या देशात काय मर्यादा आहेत हे आधी तपासा.

मसुद्यात नेमकी कोणती कलमं मागायची?

इथे मेहनत घ्या, कारण भाषणं विरून जातात आणि कलम राहतं. आमच्या मते या क्रमाने:

पहिलं, एकत्रित मोजणी. मजकूर साधारण असा: "एकाच मालकीच्या किंवा नियंत्रणाखालील, अथवा एकमेकांपासून ठरावीक अंतरातील सर्व डेटा सेंटरांचे, त्यांच्या मंजूर व प्रस्तावित सर्व टप्प्यांसह, उत्सर्जन, ध्वनी व पाणीवापर एकत्र मोजण्यात येईल." 'प्रस्तावित' हा शब्द गाळू देऊ नका. उंबरठा १०० मेगावॉट ठेवला की ९५ मेगावॉटचे तीन अर्ज येतात.

दुसरं, केंद्रनिहाय जाहीर माहिती. युरोपीय संघाने २०२४ पासून ५०० किलोवॉट आणि त्याहून मोठ्या डेटा सेंटरांना वीज, पाणी यांचा तपशील कळवणं सक्तीचं केलं. पाऊल चांगलं आहे. पण जनतेसमोर येतात ते एकत्रित आकडे, एकेका केंद्राचे नाहीत. शेजाऱ्याला देशाच्या बेरजेचा काही उपयोग नसतो. म्हणून 'केंद्रनिहाय', 'मासिक' आणि 'संकेतस्थळावर' हे तीन शब्द कलमात हवेत.

तिसरं, 'आणीबाणी'ची व्याख्या. ग्रीडवर, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्यावर, ताण आहे म्हणून किंवा वीज महाग आहे म्हणून जनरेटर चालवणं आणीबाणीत मोडता कामा नये. ही पळवाट राहिली की राखीव जनरेटर हळूहळू रोजचं वीजकेंद्र होतात, तेही नेमके उन्हाळ्यात, जेव्हा ओझोन आधीच चढलेला असतो.

चौथं, 'सी' भारांकनासह रात्रीची ध्वनिमर्यादा, आणि बांधकामानंतर पूर्ण भारावर पुन्हा मोजणी. अर्जातला अहवाल हा संगणकी अंदाज असतो. पुन्हा मोजल्यावर तो चुकला तर काय, हेही लिहायला हवं: दंड नव्हे तर दुरुस्ती होईपर्यंत पुढच्या टप्प्याला मनाई. मोठ्या कंपनीला दंड परवडतो, थांबणं परवडत नाही.

पाचवं, करसवलतीला अटी जोडणं. जिथे थेट बंधन घालायला बहुमत नाही तिथे हा मार्ग चालतो: सवलत हवी असेल तर टियर ४ किंवा त्याहून स्वच्छ यंत्रणा आणि जाहीर पाणीवापर.

"आमची वीज शंभर टक्के हरित आहे" याला उत्तर काय?

विचारा: वर्षाच्या हिशेबाने की तासाच्या? वर्षभरात जेवढी वीज वापरली तेवढी सौर-पवन वीज कुठेतरी विकत घेतली की वार्षिक दावा पूर्ण होतो. रात्री अकरा वाजता प्रत्यक्ष वीज कोळशाची असू शकते. आणि आवारातले जनरेटर बहुधा डिझेलवरच चालतात.

रोजगाराचा मुद्दा निघाला तर?

नाकारू नका. बांधकामाच्या काळात कामं मिळतात, हे खरं आहे. कायमच्या जागा किती, त्यांतल्या स्थानिकांना किती, आणि दर जागेमागे करसवलत किती, हे तीन आकडे लेखी मागा. आरोग्याच्या अटी आणि गुंतवणूक यांचं भांडण लावू नका. जर्मनीने २०२३ च्या कायद्याने जुलै २०२६ पासून सुरू होणाऱ्या केंद्रांना ऊर्जाक्षमतेची आणि टाकाऊ उष्णता वापरण्याची अट घातली आहे. सिंगापूरने २०१९ ते २०२२ नव्या केंद्रांना थांबवलं आणि मग कडक अटींवर पुन्हा दार उघडलं. अटी आणि उद्योग एकत्र नांदू शकतात हे दाखवायला ही उदाहरणं पुरेत.

"इंटरनेट तुम्हीही वापरता" असंही कुणी म्हणेल. वापरतोच. पाणी पिणारा माणूसही पाणी गाळून मागतो.

जनसुनावणीत तीन मिनिटं मिळतात. काय बोलायचं?

तीन मिनिटांत साधारण साडेतीनशे शब्द बसतात, तेवढेच लिहून न्या आणि घड्याळ लावून दोनदा वाचा. आधी नाव आणि कुंपणापासूनचं अंतर, मग एकच मुद्दा, मग मागणी. दहा जणांनी तेच भाषण वाचण्यापेक्षा मुद्दे वाटून घ्या: एकाने चाचणीचे तास, एकीने शाळा, एकाने पाणी. लेखी हरकत मुदतीत वेगळी दाखल करा आणि पोच घ्या. बऱ्याच ठिकाणी पुढे अपील करायचं तर मुद्दा आधी लेखी नोंदवलेला असावा लागतो. तोंडी बोललेलं इतिवृत्तात एका ओळीत आटतं.

विधेयक मंजूर झालं की संपलं का?

नाही. व्हर्जिनियात २०२५ मध्ये १०० मेगावॉट किंवा त्याहून मोठ्या केंद्रांनी मंजुरीआधी ५०० फुटांतल्या घरांवर आणि शाळांवर होणारा आवाजाचा परिणाम तपासावा, असं विधेयक विधिमंडळात मंजूर झालं आणि राज्यपालांनी ते नकाराधिकाराने रोखलं. म्हणून सही करणाऱ्या कार्यालयालाही तेच एक पान आधीच पोचलेलं हवं. सही झाल्यावर नियम तयार होतात. मोजण्याची पद्धत, अहवालाचा नमुना, सवलतीच्या मुदती सगळं तिथे ठरतं आणि तिथे हरकती नोंदवायला फार कमी लोक जातात.

प्रकल्प आधीच मंजूर होऊन सुरू झाला असेल तर काही करता येतं का?

येतं. परवाने ठरावीक मुदतीने नूतनीकरणाला येतात, त्या तारखा आजच नोंदवून ठेवा. जनरेटर वाढवणं, नवा टप्पा, पाण्याचा वाढीव कोटा यांपैकी काहीही मागितलं की जुन्या अटी पुन्हा उघडता येतात. तोवर स्वेच्छेने होणाऱ्या सुधारणा मागा: चाचण्या शाळेच्या वेळेबाहेर आणि शेजाऱ्यांना आठवडाभर आधी कळवून, पंख्यांचा वेग रात्री कमी, छतावर ध्वनिरोधक भिंत, धूरनळीला कण गाळणारा फिल्टर. चाचणीचं वेळापत्रक मिळालं की तुमच्या वहीतल्या नोंदी त्याच्याशी ताडून पाहा. जुळत असतील तर नूतनीकरणाच्या अर्जावर हरकत घेताना ती दोन पानं शेजारी शेजारी जोडा.